अण्णा म्हणतात जा, आत्या म्हणते थांब

प्रश्न: मी ३८ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरी करते. वडील (अण्णा) ७१ वर्षांचे. साताऱ्याला आई, दादा आणि वहिनी यांच्यासोबत असतात. फेब्रुवारीत त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. कावीळ झाली म्हणून पित्तनलिकेत स्टेंट टाकला. जूनमध्ये केमो थांबवली. आता मॉर्फिनच्या गोळ्या आणि घरीच काळजी. डॉक्टर 'काही महिने' म्हणतात. गेल्या वर्षीच मी पोर्तुगालमधल्या पोर्तोपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत ख्रिस्ती यात्रेच्या वाटेने एकटीने चालत जायचं ठरवलं होतं. सप्टेंबरअखेरची १९ दिवसांची तिकिटं, व्हिसा, सगळं झालंय. अण्णा म्हणतात, 'जा.' आत्या म्हणते, 'बाप अंथरुणाला खिळलाय आणि ही फिरायला निघाली.' दादा काहीच बोलत नाही. जाऊ का? आणि मी तिकडे असताना काही झालं तर काय करू?
— निनावी, पुणे

उत्तर: तुम्ही पत्रात तारखा, स्टेंट, व्हिसा सगळं लिहिलंत, पण अण्णा गेल्या पंधरा दिवसांत किती बदलले ते कुठेच नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. पॅलिएटिव्ह केअरमधले (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करण्याचे उपचार करणारे) डॉक्टर-नर्स एक ढोबळ हिशेब वापरतात. महिन्या-महिन्याला फरक दिसत असेल तर हातात महिने आहेत, आठवड्याला दिसत असेल तर आठवडे, आणि रोज दिसत असेल तर दिवस. आकडा मागितला की डॉक्टर 'काही महिने' म्हणतात, आणि तो अंदाज चुकतो तेव्हा बहुतेक वेळा आशेच्या बाजूनेच चुकतो. बदलाचा वेग मात्र घरातल्या कुणालाही मोजता येतो. गणपतीत ते किती वेळ खुर्चीत बसत होते आणि आज किती बसतात? भाकरीचे किती घास जातात? संडासला स्वतः जातात की धरून न्यावं लागतं? जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ पलंगावरच जात असेल, तर 'महिने' हा शब्द तुम्ही मनातून काढून टाका.

हे दादाला फोनवर विचारू नका. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि काळजी करणाऱ्याला तो सांगवत नाही. एक शनिवार-रविवार साताऱ्यात काढा आणि डॉक्टरांना स्वतः भेटा. 'किती दिवस आहेत?' असं विचारू नका. 'मी २५ तारखेला गेले आणि १० दिवसांनी आले, तर ते मला ओळखतील, माझ्याशी बोलतील असं तुम्हाला वाटतं का? त्या दहा दिवसांत ते गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल की नाही?' असं विचारा. नेमक्या तारखेवर विचारलेल्या प्रश्नाला डॉक्टर नेमकं उत्तर देतात. एक गोष्ट मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती फार असते, आणि अशी गुठळी फुफ्फुसात गेली तर माणूस तासाभरात जाऊ शकतो. तुम्ही पुण्यात असाल तरी त्या वेळी पोहोचणार नाही. तेवढी अनिश्चितता दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून तिच्या नावावर निर्णय घेऊ नका.

आमचं मत स्पष्टच सांगतो. १९ दिवस नको. रोज फरक पडत असेल तर अजिबात निघू नका, तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. आठवड्याला फरक पडत असेल आणि दुखणं आटोक्यात असेल, तर नऊ-दहा दिवसांची छोटी वाट धरा. महिन्याला पडत असेल तरी हाच बेत ठेवा, फक्त तारीख अलीकडे आणता येते का ते बघा. अशा आजारात पुढे ढकलून काही मिळत नाही. नोव्हेंबर हा सप्टेंबरपेक्षा अवघडच असणार आहे.

छोटी वाट म्हणजे पोर्तोऐवजी तुईपासून चालणं. पोर्तोपासून मधल्या मार्गाने सांतियागो २४० किलोमीटरच्या आसपास पडतं. पोर्तुगालची हद्द संपते तिथे मिन्यो नदीवरचा पूल ओलांडला की स्पेनमधलं तुई लागतं, आणि तिथून सांतियागो ११५ ते १२० किलोमीटर आहे. सहा दिवस, रोज २० किलोमीटर. यात्रेचं प्रमाणपत्र मिळायला किमान शेवटचे १०० किलोमीटर चालावे लागतात, तेही यात बसतात. पोर्तोच्या कांपान्या स्टेशनवरून वीगोला जाणारी गाडी पुलाअलीकडच्या वालेंसाला थांबते. तिथे उतरून पूल पायी पार केला की तुम्ही वाटेवर.

तुमच्या बाबतीत या टप्प्याचा खरा फायदा वेगळाच आहे, तो म्हणजे इथून पटकन निघता येतं. पोर्तुगालच्या बाजूला पोंते द लिमाला रेल्वे नाही, आणि तिथून पुढे रुबियाइंसला जाताना लाब्रुजाची डोंगरचढण आहे. तिथे दुपारी निरोप आला तर आधी चालत गावात पोहोचायचं, मग टॅक्सी शोधायची, मग स्टेशन. तुईनंतर ओ पोर्रिन्यो, रेदोंदेला, पोंतेवेद्रा, पाद्रोन या सगळ्या मुक्कामांना रेल्वे आहे. कालदास दे रेईसला ती नाही, पण बस आहे. एका बाजूला वीगोचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला सांतियागोचा. सरकारी अल्बेर्गेंमध्ये (यात्रेकरूंच्या धर्मशाळांमध्ये) आधी बुकिंग होतच नाही, येईल त्याला क्रमाने खाट मिळते. म्हणजे मधूनच सोडून निघालात तर रद्द करायलाही काही नसतं. खासगी ठिकाणी आधी पैसे भरू नका.

आता तासांचा हिशेब. तिथून मुंबईला सरळ विमान नाही. पोर्तोहून फ्रँकफर्ट किंवा इस्तंबूल करून यावं लागतं, सांतियागो-वीगोहून सहसा आधी माद्रिद आणि मग पुढे. हवेतले आणि विमानतळावरचे मिळून १५ ते २२ तास. त्याआधी विमानतळापर्यंत पोहोचायचे आणि पुढच्या विमानाची वाट बघायचे तास धरा. नंतर मुंबई-सातारा २५० किलोमीटर, खंबाटकी घाट मोकळा असेल तर पाच-साडेपाच तास. निरोप आल्यापासून उंबऱ्यापर्यंत दीड दिवस, वाईट योग असेल तर दोन. हा आकडा कागदावर लिहा आणि दादाला दाखवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

घाईत तिकीट काढताना एक चूक हमखास होते. स्वस्त आणि लवकरचं म्हणून लंडनमार्गे तिकीट काढलं जातं. भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि तुमचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा त्याला चालत नाही. काउंटरवरच अडवतात. इस्तंबूल, दुबई, दोहा इथे विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायला काही लागत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं जोडू नका, सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. नाहीतर पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

तुमच्या हातातलं तिकीट कोणत्या भाड्याचं आहे ते आजच बघा. तारीख बदलता येत असेल तर बदलाचं शुल्क आणि त्या दिवशीच्या भाड्यातला फरक, असे दोन्ही पैसे लागतात. लोक फक्त शुल्क बघतात आणि फरकाला दचकतात. आजार किंवा मृत्यूचा कागद दाखवला की भाडं कमी होतं, या आशेवर राहू नका. आयत्या वेळी एका बाजूचं तिकीट घ्यायची वेळ आली तर लाखभर रुपये लागू शकतात, म्हणून क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा मोकळी ठेवा. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावा लागतो. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, आणि हे पोर्रिन्योच्या स्टेशनवर उभं राहून करायचं काम नाही.

विम्याच्या भरवशावर राहू नका. शेंगेनला लागणारी ३० हजार युरोंची पॉलिसी तुमच्या स्वतःच्या उपचारांसाठी असते. जवळच्या नातेवाइकाच्या आजारपणामुळे प्रवास मोडला तर भरपाई देणारं कलम अनेक पॉलिसींमध्ये असतं, पण पॉलिसी घेण्याआधीपासून माहीत असलेला आजार त्यातून वगळलेला असतो. अण्णांचं निदान फेब्रुवारीतलं. दावा नाकारला जाणार असं धरूनच चला, आणि विम्याचा हप्ता वाढवण्यापेक्षा ते पैसे बदलता येणाऱ्या तिकिटात घाला.

व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी वाचा: कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, आणि किती वेळा प्रवेश. प्रवेशाच्या जागी ०१ असेल तर मधूनच घरी येऊन पुन्हा जाता येणार नाही. 'भेटून परत जाईन' हा बेत तुमच्या डोक्यात असेल, तर तो याच आकड्यावर टिकतो किंवा मोडतो.

आता अण्णा. 'जाऊ का?' असं विचारलं की बाप 'जा'च म्हणणार. लेकीचं मन राखणं एवढंच काम सध्या त्यांना जमतंय, ते ते करतायत. त्या 'जा'वर निर्णय उभा करू नका. दुपारची गोळी घेऊन तासभर झालेला असतो, दुखणं उतरलेलं असतं, त्या वेळी एकट्या बसा आणि विचारा, 'या दहा दिवसांत माझ्याकडून तुम्हाला कोणतं काम करून हवं असेल?' याला 'जा' असं उत्तर देता येत नाही. 'काही नाही गं, आईला तेवढं बँकेचं समजावून सांग' असं म्हणाले, तर ते खरंच मोकळे आहेत. 'रात्री फार भीती वाटते, तू असलीस की बरं असतं' असं म्हणाले, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दुसरा प्रश्न याहून अवघड, पण तो विचारल्याशिवाय निघू नका. 'मी तिकडे असताना काही झालं तर अंत्यसंस्कार माझ्यासाठी थांबवायचे का?' बहुतेक म्हातारी माणसं हा प्रश्न यायची वाट बघत असतात आणि घरातलं कुणी काढत नाही म्हणून गप्प असतात. जे उत्तर येईल ते त्यांनीच दादा आणि आईसमोर एकदा बोलून दाखवावं असं बघा. नंतर आत्यासकट कुणालाही त्यावर वाद घालता येत नाही.

निघताना असा निरोप घ्या, जणू पुन्हा भेट नाही. रडारड झालीच पाहिजे असं नाही. त्यांनी तुमच्यासाठी केलेली दोन-तीन नेमकी कामं नाव घेऊन सांगा, काही राहून गेलं असेल तर माफी मागा, पाया पडा. 'येईपर्यंत थांबा हं' असं मात्र म्हणू नका. ते ओझं त्यांच्यावर कशाला?

दादाच्या गप्प बसण्याचा अर्थ आमच्या मते साधा आहे. तो आणि वहिनी दमले आहेत आणि ते तुम्हाला सांगणं त्यांना शोभणार नाही असं त्यांना वाटतं. रात्री उठणं, कूस बदलणं, चादरी बदलणं, बहुधा यातलं निम्मं वहिनी करतायत, आणि तुमच्या पत्रात त्यांचं नाव एकदाच आलंय. तुम्ही जाणार असाल तर जाण्याआधी आणि आल्यावर प्रत्येकी एक आठवडा साताऱ्यात राहून रात्रपाळी घ्या. मधल्या दहा दिवसांसाठी नर्सिंग ब्युरोकडून रात्रीचा अटेंडंट ठेवा, पैसे तुम्ही भरा, आणि तो तुम्ही घरात असतानाच दोन दिवस आधी सुरू करा. अनोळखी माणसाच्या हातून डायपर बदलून घ्यायला अण्णांना वेळ लागेल. पहिल्या रात्रीच ते 'नको याला' म्हणतील, तेव्हा तुम्ही तिथे हव्यात. दादाला 'चालेल ना रे?' असं विचारू नका, ही सगळी व्यवस्था सांगा आणि मग विचारा, 'यात काय कमी पडतंय?'

औषधांचं बारकाईने बघा, कारण नेमकं इथेच घोळ होतात. मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते प्रामुख्याने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमधून मिळतं, आणि साठा संपल्यावर रविवारी धावपळ करून उपयोग नसतो. निघण्यापूर्वी तुमच्या मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीचा साठा घरात असू द्या. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळाप्रमाणे द्यायची असते, दुखल्यावर नाही. मधेच कळ आली तर जास्तीचा डोस किती द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज चालूच ठेवायचं. मॉर्फिन चालू असेपर्यंत बद्धकोष्ठ सुटत नाही, आणि चार दिवस पोट साफ झालं नाही की माणूस कॅन्सरपेक्षा त्याने हैराण होतो. गोळी गिळता येईनाशी झाली तर पुढे काय, हेही आत्ताच विचारा. त्वचेखाली इंजेक्शन देता येतं. वेदनाशामक पट्टीही असते, पण तिचा परिणाम सुरू व्हायला अर्धा दिवस लागतो, म्हणून ऐन वेळी पट्टी लावून भागत नाही.

फ्रिजवर एक कागद चिकटवा, दोन भाग करून. वरच्या भागात त्याच दिवशी दवाखाना गाठायच्या गोष्टी: थंडी वाजून ताप (स्टेंट तुंबून आत जंतुसंसर्ग झाल्याची ही खूण, औषधाने पटकन आटोक्यात येऊ शकते), रक्ताची उलटी, अचानक दम लागणं, एक पाय सुजणं. खालच्या भागात दवाखान्यात न पळवायच्या गोष्टी: दिवसभर झोपून राहणं, खाणं-पिणं सुटणं, हातपाय गार आणि जांभळट पडणं, घशात घरघर, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होणं. या शेवटच्या दिवसांच्या खुणा आहेत. यातली घरघर ऐकून घरचे घाबरतात. माणूस गुदमरतोय असं वाटतं, पण बेशुद्धीजवळ असलेल्या माणसाला तिचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवायचं, तोंड ओल्या कापसाने पुसायचं, चमच्याने पाणी घालायचं नाही. हे आधी माहीत नसलं की रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स येते, आणि पहाटे तुम्हाला स्पेनमध्ये फोन येतो की अण्णा व्हेंटिलेटरवर आहेत.

व्हेंटिलेटर नको हे अण्णांचं म्हणणं असेल तर ते लेखी करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. त्यांच्या वतीने निर्णय कोण घेणार त्यांची नावं त्यात घालायची. दादाचं नाव पहिलं घाला, तुमचं दुसरं. दीड दिवसाच्या अंतरावरच्या माणसाचं नाव पहिलं ठेवून चालत नाही. एक प्रत डॉक्टरांकडे, एक घरात.

फोनचं नीट लावा. अण्णांच्या मेडिक्लेमचं लॉगिन, आईच्या खात्याचे ओटीपी, औषधांची ऑर्डर हे सगळं तुमच्याच नंबरावर येत असणार. आयटीतल्या लेकींच्या घरी असंच असतं. जे हलवता येईल ते दादाच्या नंबरावर हलवा. उरलेल्यासाठी भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करा आणि ते सिम फोनमध्येच राहू द्या. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम घ्या. अल्बेर्गेत रात्री दहाला दिवे जातात आणि सगळे फोन मुके करतात. त्या वेळी साताऱ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो, म्हणजे निरोप येण्याची वेळ नेमकी तुमच्या झोपेतली. दादा, वहिनी आणि डॉक्टर यांचे नंबर फोनच्या सेटिंगमध्ये अपवाद म्हणून घाला, म्हणजे मुका असतानाही तो वाजेल. आधी व्हॉट्सॲप, नाही लागला तर साधा कॉल, हे दादाला सांगून ठेवा आणि पुण्यातून एकदा रात्री करून बघा.

रोजचा फोन एकदाच, ठरल्या वेळी. साताऱ्यातले संध्याकाळचे सात म्हणजे स्पेनमधले दुपारचे साडेतीन. तुमचं चालणं संपलेलं असतं, अण्णा जागे असतात. पुलाच्या अलीकडे पोर्तुगालमध्ये असाल तर घड्याळ एक तास मागे, तिथले अडीच. पाच मिनिटं अण्णांशी, मग दहा मिनिटं दादाशी किंवा वहिनींशी वेगळं. अण्णांसमोर फोन धरून 'कसे आहेत?' विचारलं की खरं कळत नाही. बाकीच्या वेळी घरच्या ग्रुपवर 'काय चाललंय?' टाकत राहू नका, उत्तर द्यायचं काम वहिनींवरच पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परत कधी यायचं ते आत्ता ठरवा. तीन खुणा लिहून घ्या: गोळी गिळता येईनाशी झाली, दोन दिवस पलंगावरून अजिबात उठले नाहीत, किंवा डॉक्टर 'दिवस' म्हणाले. यातली एकही दिसली की दादाने फक्त 'ये' एवढंच लिहायचं, आणि तुम्ही 'येऊ का?' असं उलट विचारायचं नाही. विचारलंत तर तो 'घाई नको, बघू उद्या' म्हणणार, आणि तुमच्या दीड दिवसाचे अडीच होणार.

आता 'काही झालं तर'. घरी मृत्यू झाला की उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यावा लागतो. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ. तुमचे डॉक्टर रात्री घरी येतील का, नाही तर कोण येईल, हे दादाने आधी विचारून ठेवावं. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, त्याची घाई नाही. थांबायचं असं अण्णांनी सांगितलं असेल तर शीतपेटी भाड्याने मिळते, तिचा नंबर दादाकडे असू द्या. पेटीत दिवसभर, फार तर दीड दिवस ठेवणं जमतं. पण काविळीच्या आणि ताप असलेल्या रुग्णाचा देह लवकर बिघडतो, आणि घरातल्या दोन खोल्यांत तेवढा वेळ काढणं आईला सोसेल का, तेही बघा. आमचा कौल न थांबण्याकडे आहे, अण्णांनीच मागितलं असेल तेवढं सोडून. संगम माहुलीला अंत्यसंस्कार होतील, तिथून व्हिडिओ बघायचा असेल तर फोन धरायचं काम एखाद्या चुलतभावाला आधी सांगून ठेवा, दादाला नको. बघायचं नसेल तर तसंही सांगा. अस्थी तिसऱ्या दिवशी गोळा करतात, त्यांचं विसर्जन दहाव्यापर्यंत थांबवता येतं. दहाव्याला तुम्ही नक्की पोहोचता. गुरुजींना हे आधी कळवलं की ते तसं बसवून देतात.

निरोप वाटेत चालताना आला, तर आहात तिथे बसा. पाणी प्या, काहीतरी खा. पहिला अर्धा तास तिकीट बघू नका, त्या अर्ध्या तासातच लंडनमार्गाची तिकिटं काढली जातात. उताराच्या वाटेवर एकट्या पुढे जाऊ नका. मागून येणाऱ्या कुणालाही थांबवा आणि सांगा, वडील गेले. त्या वाटेवर माणसं थांबतात. पुढच्या गावात पोहोचलात की आधी एअरलाइनला फोन करून तारीख बदलता येते का विचारा, नवीन तिकीट त्यानंतर. भोवळ आली, छातीत धडधड थांबेना, तर ११२. पोर्तुगाल आणि स्पेन दोन्हीकडे तोच नंबर चालतो.

अंत्यसंस्कार उरकले आहेत आणि सांतियागो एका दिवसावर आहे, असं झालं तर? चालून पूर्ण करायला हरकत नाही, पण ते आईला विचारून. ती 'ये' म्हणाली तर या. जाता जाता एक गोष्ट, कदाचित अण्णांनाही सांगावीशी वाटेल: सांतियागोच्या यात्री कार्यालयात यात्रा दुसऱ्याच्या वतीने केली असं प्रमाणपत्रावर लिहून मिळतं, आजारपणामुळे येऊ न शकणाऱ्याच्या किंवा गेलेल्या माणसाच्या नावाने. खिडकीवर आधी सांगावं लागतं आणि नाव रोमन लिपीत लिहून न्यावं लागतं.

आत्यांशी वाद घालू नका. त्यांचा भाऊ चाललाय, त्यांचा राग तुमच्या तिकिटावर निघतोय. तुम्ही नसताना तीन-चार दिवस दुपारी येऊन अण्णांजवळ बसाल का, एवढं त्यांना विचारा. बहुधा येतील.

या आठवड्यात करायचं ते इतकंच: शनिवारी सातारा, डॉक्टरांची भेट, अण्णांना ते दोन प्रश्न. सोमवारी तिकिटाच्या तारखा. डॉक्टरांच्या तोंडून 'दिवस' हा शब्द आला तर सोमवारी एअरलाइनला नको, ऑफिसला फोन करा आणि रजा १९ दिवसांचीच ठेवा, फक्त साताऱ्यासाठी.